फॉर्मॅट झालेल्या सीएफ कार्डावरून मशीनचे प्रोग्राम परत मिळतात का?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मोल्ड बनवणाऱ्या एका वर्कशॉपच्या मालकांनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांच्याकडे फॅनुक कंपनीच्या कंट्रोलची जुनी व्हीएमसी (कॉम्प्युटरने चालणारे उभे मिलिंग मशीन) आहे. स्क्रीनशेजारच्या स्लॉटमध्ये अ‍ॅडॉप्टरला लावलेले २ जीबीचे इंडस्ट्रियल सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड असते आणि मोठे प्रोग्राम त्या कार्डावरूनच डीएनसीने, म्हणजे कंट्रोलच्या मेमरीत न भरता थेट, चालतात. कंट्रोलमध्ये दुरुस्त केलेला एक प्रोग्राम ऑपरेटर कार्डावर काढून घेत होता, तेवढ्यात लाइट गेली. लाइट आल्यावर कंट्रोल कार्ड वाचेना. ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावल्यावर विंडोजने ‘फॉर्मॅट करायचे का?’ असे विचारले आणि तिथल्या मुलाने ‘हो’ दाबले. आता कार्ड रिकामे दिसते. दहा-बारा वर्षांचे प्रोग्राम आणि मशीनचा एसरॅम बॅकअप (मशीनच्या सेटिंगची प्रत), दोन्ही त्याच एका कार्डावर होते. गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने ‘चिप काढावी लागेल’ असे सांगितले आहे. चिप काढायची का, आणि त्यातून काय काय परत मिळेल, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

चिप काढू देऊ नका. तुमचे कार्ड कॉम्प्युटरला दिसते, त्याची साइज बरोबर दिसते आणि ते फॉर्मॅटही झाले, म्हणजे कार्डाच्या आतला कंट्रोलर शाबूत आहे. जी चिप आपल्याशी व्यवस्थित बोलते आहे ती तापवून उपटायचे काही कारण नाही. तुमचे बहुतेक छोटे प्रोग्राम सुखरूप परत येतील असे मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो. मोठ्या मोल्डचे प्रोग्राम तुकड्यातुकड्यांत मिळतील आणि ते सांधायला मेहनत पडेल. एसरॅम बॅकअपची काळजी तर आजच सोडा. त्याचे कारण पुढे येते.

पण आधी कार्ड त्या कॉम्प्युटरमधून काढा आणि कागदाच्या पाकिटात घालून वर ‘हात लावू नये’ असे लिहून कपाटात ठेवा. कार्ड चालते का हे बघायला त्यावर एखादी फाइल टाकून पाहू नका. कोणी सुचवले म्हणून दुरुस्तीची आज्ञा चालवू नका. नवीन विंडोज तर तुम्ही काहीही न करता, कार्ड नुसते लावताच त्यावर स्वतःचा एक छुपा फोल्डर तयार करते. रिकाम्या कार्डावर तो फोल्डर सुरुवातीच्या मोकळ्या जागेत बसतो, आणि तुमचे सगळ्यात आधी भरलेले प्रोग्राम नेमके तिथेच पडलेले असतात.

फॉर्मॅट कुठले केले, हा तुमच्या बाबतीतला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. त्या मुलाला शेजारी बसवा, रागावू नका आणि दोनच गोष्टी विचारा: किती वेळ लागला, आणि कॉम्प्युटरवर कुठले विंडोज होते? दोन-चार सेकंदांत काम झाले असेल तर ते क्विक फॉर्मॅट. त्यात फाइलींची अनुक्रमणिका तेवढी पुसली जाते, मूळ मजकुराला धक्का लागत नाही. पट्टी सरकत सरकत काही मिनिटे गेली असतील तर ते पूर्ण फॉर्मॅट, आणि तिथे विंडोजची आवृत्ती निर्णायक ठरते. व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये पूर्ण फॉर्मॅट कार्डावर शून्ये लिहीत जाते. तसे झाले असेल तर कॉम्प्युटरवर कार्ड वाचून काहीच हाती लागणार नाही. एक्सपीचे पूर्ण फॉर्मॅट मात्र खराब सेक्टर शोधायला सगळे कार्ड नुसते वाचते, मजकूर पुसत नाही. वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरवर अजून एक्सपी चालते म्हणून अनेकांना संकोच वाटतो. या एका बाबतीत त्याच जुन्या एक्सपीने काही जणांचे वर्षानुवर्षांचे काम वाचवलेले मी पाहिले आहे.

आता एसरॅम बॅकअपचे. एसरॅममध्ये पॅरामीटर, पिच एरर कॉम्पेन्सेशन, टूल ऑफसेट, मॅक्रो व्हेरिएबल असे सगळे असते, आणि कंट्रोलच्या आत ते बॅटरीवर जिवंत राहते. कार्डावर होती ती त्याची प्रत. मूळ प्रत आत्ता, या क्षणी मशीनमध्येच आहे, कारण मशीन सुरू होते आहे. म्हणून कार्डाच्या मागे धावण्याआधी नवे कार्ड आणा आणि मशीन बंद करून परत सुरू करताना स्क्रीनखालच्या उजव्या टोकाच्या दोन सॉफ्ट-की दाबून धरा. बूट स्क्रीन येईल. तिथून एसरॅमचा ताजा बॅकअप घ्या. मग नेहमीच्या स्क्रीनवरून पॅरामीटर वेगळे, पिच एरर वेगळे, ऑफसेट वेगळे असे टेक्स्ट स्वरूपातही काढा. त्यासाठी २० नंबरच्या पॅरामीटरमध्ये आय-ओ चॅनल ४ असावा लागतो, तुमच्याकडे तो बहुधा आहेच. स्क्रीनवर बॅटरीची सूचना लुकलुकत असेल तर आधी बॅटरी बदला, आणि ती मशीन चालू ठेवूनच बदला.

याबद्दल मी इतका आग्रह धरतो याला कारण आहे. पार्ट प्रोग्राम गेला तर ड्रॉइंगवरून पुन्हा लिहिता येतो. मोल्डचा प्रोग्राम मॉडेल असेल तर कॅममधून (मॉडेलवरून प्रोग्राम तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) परत काढता येतो. पण तुमच्या मशीनच्या बॉलस्क्रूची पिच एरर कुणीतरी एकदा लेझर लावून मोजलेली असते आणि ते आकडे जगात फक्त त्याच मशीनचे असतात. टूल चेंजरची जागा, रेफरन्स पॉइंटचे ग्रिड शिफ्ट यांचेही तेच. शेजारच्या शेडमधल्या त्याच मॉडेलच्या मशीनमधून पॅरामीटर आणून टाकले तर मशीन उभे राहते, पण भोके मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांनी सरकतात आणि ते का सरकतात हे शोधण्यात महिना जातो. माणसे कार्डासाठी हळहळत बसतात आणि त्या धावपळीत कुणीतरी पॅनेलची बॅटरी काढून ठेवतो. मग गेलेली गोष्ट खरोखरच जाते.

कंट्रोलच्या मेमरीतले प्रोग्रामही त्याच वेळी नव्या कार्डावर काढून घ्या. लाइट गेली तेव्हा जो प्रोग्राम कार्डावर चालला होता तो अर्धवट लिहिला गेला असेल, पण त्याची पूर्ण प्रत कंट्रोलमध्ये असायला हवी. त्याला आता कार्डावर शोधत बसायचे कारण नाही.

एवढे झाले की कार्डाकडे वळू. पहिल्यांदा भिंग घ्या. सीएफ कार्डाला ५० छिद्रे असतात आणि स्लॉटमध्ये ५० बारीक पिना. कार्ड तिरके घुसवले की पिन वाकते आणि मग प्रत्येक कार्डाला ती त्रास देते. १ आणि ५० या पिना ग्राउंडच्या, १३ आणि ३८ सप्लायच्या. त्यांतली एखादी वाकून शेजारणीला टेकली तर चांगले कार्ड जळू शकते. म्हणून बिघडलेले कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये घालायच्या आधी कार्डाची छिद्रे बघा, आणि नवे कार्ड मशीनमध्ये घालायच्या आधी अ‍ॅडॉप्टरच्या पिना बघा. कुलंटची वाफ आणि तेलाचा चिकटा पॅनेलपर्यंत पोचतोच, तो आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफ करा आणि पूर्ण वाळू द्या. हेअर ड्रायर नको. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर तोही नको, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते.

मग प्रत काढायची. फाइली दिसतच नाहीत, त्यामुळे फाइलींची प्रत काढता येणार नाही. पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत अख्ख्या कार्डाची इमेज घ्यायची. मी यासाठी लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह वापरतो, तिच्यात आपोआप माउंट होणे बंद ठेवतो, कार्ड फक्त वाचण्यापुरते उघडले आहे याची आधी खात्री करतो आणि डीडीरेस्क्यू चालवतो. अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेले हे मोफत साधन आहे. त्याची शहाणी गोष्ट अशी की ते खराब जागेपाशी अडून बसत नाही. पहिल्या फेरीत सोपे तेवढे वाचून घेते, अडलेले भाग एका नकाशाच्या फाइलीत टिपून ठेवते आणि नंतरच्या फेऱ्यांत तेवढ्यांसाठीच परत येते. मध्येच कार्ड गळपटले तरी नकाशा असल्याने उद्या तिथूनच पुढे जाता येते. कार्ड निरोगी असेल तर २ जीबीला काही मिनिटे पुरतात. इमेजच्या दोन प्रती करा, एकीवर काम करा आणि दुसरीला हात लावू नका. मूळ कार्ड परत पाकिटात.

स्वस्त यूएसबी रीडरबद्दल सांगितलेच पाहिजे. खराब सेक्टर आला की असा रीडर कार्डाला रीसेट करतो, वारंवार झटके देतो आणि नेमकी चूक काय आली ती आपल्यापर्यंत येऊ देत नाही. सीएफ कार्डाची एक चांगली गोष्ट म्हणजे ते मुळात जुन्या हार्डडिस्कच्या आयडीई भाषेतच बोलते. त्यामुळे मध्ये काहीही बुद्धी नसलेला साधा पिन-टू-पिन अ‍ॅडॉप्टर लावून ते जुन्या मदरबोर्डाला थेट जोडता येते. कुरकुरणारी कार्डे मी तशीच वाचतो. कार्डाने स्वतःची स्मार्ट माहिती ठेवली असेल तर तीही तिथे दिसते, राखीव ब्लॉक किती उरलेत हे त्यातून कळते.

आता इमेजमधून प्रोग्राम कसे बाहेर काढायचे ते सांगतो. इथेच आपले काम फोटो परत मिळवणाऱ्यांच्या कामापेक्षा वेगळे होते. फोटोच्या प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला ठरलेली खूण असते, सॉफ्टवेअर ती शोधते आणि फाइल उचलते. जी-कोडचा, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांचा, प्रोग्राम हा साधा मजकूर, त्याला अशी अधिकृत खूण नाही. पण फॅनुकने आपल्यासाठी एक ठेवलेली आहे: प्रोग्राम % या चिन्हाने सुरू होतो, पुढच्या ओळीवर इंग्रजी ओ आणि चार आकडी नंबर, बहुधा कंसात पार्टचे नाव, आणि शेवटी पुन्हा %. टेक्स्ट स्वरूपात काढलेले पॅरामीटरही % याच चिन्हाने सुरू होतात, त्यामुळे तेही याच जाळ्यात येतात.

दुसरी गोष्ट कार्डाच्या रचनेची. २ जीबीचे कार्ड फॅट-१६ ने फॉर्मॅट केले की जागा ३२ केबीच्या खणांत वाटली जाते, साठ-एकसष्ट हजार खण होतात. प्रत्येक फाइल नव्या खणाच्या सुरुवातीपासूनच बसते. एका ओळीत वीसेक अक्षरे धरली तर ३२ केबीत सोळाशे ओळी मावतात. ड्रिलिंग, बोअरिंग, फेसिंगचे, हाताने लिहिलेले तुमचे प्रोग्राम यापेक्षा कितीतरी लहान आहेत. म्हणजे असा प्रत्येक प्रोग्राम एकाच खणात पूर्ण आहे, त्याचे तुकडे होणेच शक्य नाही. अनुक्रमणिका पुसली गेली तरी खण उघडायचा, पहिले अक्षर % आहे का बघायचे, पुढच्या % पर्यंतचा मजकूर उचलायचा आणि ओ-नंबरचे नाव देऊन सेव्ह करायचा. साठ हजार खण तपासणारी छोटी स्क्रिप्ट कॉलेजात शिकणारा मुलगाही तासाभरात लिहून देईल. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे फोटोरेकही चालते, त्याला स्वतःची खूण शिकवता येते. नुसते मजकुराच्या फाइली शोधायला सांगितले तर ते शेकडो बिननावाच्या फाइलींचा ढीग देते आणि तो निवडण्यात दिवस जातो. बाहेर आलेली फाइल जुन्या नोटपॅडमध्ये एकाच लांबलचक ओळीत दिसली तर घाबरू नका. ओळ संपल्याची खूण कंट्रोल वेगळी लिहितो, एवढेच.

खणातला दुसरा % आला की तिथेच थांबा. त्यापुढे बहुतेक वेळा आणखी मजकूर दिसतो, जी-कोडच असतो आणि चांगला ओळीने लागलेला असतो. तो आधी त्या खणात राहून पुसल्या गेलेल्या एखाद्या मोठ्या प्रोग्रामचे शेपूट असते. एकदा एका मुलाने मला दाखवायला आणलेल्या फाइलीत अशी शेपटे जोडलेली होती. वर दोन भोकांचा प्रोग्राम आणि खाली कुठल्यातरी पॉकेटची तीनशे ओळींची रफिंग. % काढून टाकून त्याने ते एकसंध केले होते, ‘जास्त मिळाले’ म्हणून खूश होता. तशीच फाइल मशीनवर गेली असती तर दुसऱ्या भोकानंतर टूल सरळ व्हाइसमध्ये उतरले असते.

एकाच ओ-नंबरचे तीन-चार प्रोग्राम मिळतील तेव्हा गोंधळू नका. दुरुस्ती करून प्रोग्राम परत कार्डावर काढला की जुना पुसला जातो, पण त्याचा खण तसाच राहतो. त्यातला शेवटचा कुठला हे तारखेवरून ठरवता येत नाही. एक तर तारीख अनुक्रमणिकेत होती आणि ती पुसली गेली, शिवाय कंट्रोलचे घड्याळ बरोबर असते असे मी गृहीत धरत नाही. मजकुरातच बघा. फीड कमी केलेली, मध्ये एखादा थांबा वाढवलेला, कुणीतरी कंसात टीप लिहिलेली असे काहीतरी सापडते, आणि तो जॉब चालवणाऱ्या ऑपरेटरला प्रिंट दाखवली की तो बोट ठेवून सांगतो. कार्डावर तुम्ही फोल्डर केले असतील तर आणखी एक आधार आहे. मूळ यादी फॉर्मॅटमध्ये पुसली जाते, पण आतल्या फोल्डरांच्या याद्या डेटाच्या जागेत असतात आणि शिल्लक राहतात. त्यात फाइलीचे नाव, सुरुवातीचा खण आणि साइज तिन्ही असते.

मोठे प्रोग्राम हे खरे कष्टाचे काम. ५ एमबीचा मोल्डचा प्रोग्राम म्हणजे १६० खण. कार्ड मोकळे असताना तो एकदमच कॉपी केला असेल तर सगळे खण ओळीने मिळतात. वर्षानुवर्षे पुसून-भरून वापरलेल्या कार्डावर मात्र तो जिथे जागा मिळाली तिथे विखुरला जातो आणि खणांची साखळी दाखवणारे फॅट टेबल तर फॉर्मॅटमध्ये कोरे झाले. त्याच्या दोन्ही प्रती कोऱ्या होतात, त्यामुळे ‘दुसरी प्रत आहे ना’ ही आशा धरू नका.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका पॅटर्न शॉपचे (ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्यांचे) असेच कार्ड माझ्याकडे आले होते. एका हाउसिंगच्या पॅटर्नचा फिनिशिंगचा प्रोग्राम अकरा तुकड्यांत सापडला. प्रत्येक ओळीला एन-नंबर (ओळीचा क्रमांक) होता, म्हणून पहिला तुकडा जिथे ओळीच्या मधोमध तुटला होता त्याच्या पुढची अर्धी ओळ शोधायची आणि नंबर जुळतो का बघायचे. एका तुकड्याच्या शेवटी ‘एक्स ४१.२’ आणि पुढचा आकडा नाही, तर दुसऱ्या कुठल्यातरी खणाची सुरुवात ‘०७ वाय’ अशी. ते दोन शेजारी ठेवले की ‘एक्स ४१.२०७ वाय’ अशी धड ओळ होते आणि तिच्या पुढच्या ओळीचा नंबरही बरोबर लागतो. दहापैकी नऊ सांधे असे बसले. दहाव्या सांध्याला दोन तुकडे दावेदार निघाले, कारण कॅमने ९९९९ नंतर नंबर पुन्हा सुरुवातीपासून घेतले होते. नंबर दोन्हीकडे जुळत होता. मग मी झेड पाहिला. हा प्रोग्राम उंचीचे एकेक थर घेत खाली उतरत होता, आणि एका दावेदाराचा झेड सहा थर खालचा होता. शिवाय तिथे एक्स एकदम ४० वरून उणे ११८ वर उडी मारत होता, तीही कटिंग फीडमध्ये, टूल वर न उचलता. तो तुकडा त्याच प्रोग्रामचा होता, पण जागा पुढची होती. नंबरावर विसंबून राहिलो असतो तर लाकडी पॅटर्नमधून आरपार चर पडला असता.

म्हणून परत मिळवलेला कुठलाही प्रोग्राम, तो एका खणात पूर्ण मिळालेला असला तरी, आधी कॉम्प्युटरवर बॅकप्लॉट करून, म्हणजे टूलचा मार्ग रेषांत काढून, बघा. मार्गात एखादी रेघ पूर्ण जॉबला छेदून जाताना दिसली की सांधा चुकला आहे. मग मशीनवर झेड ऑफसेट वर घेऊन ड्राय रन (धातूला न लावता हवेत चालवणे) आणि पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ चालवत, हात फीड होल्डवर ठेवून. बायनरी एसरॅम बॅकअप किंवा पीएलसीचा (दार, टूल चेंजर असे भाग हाताळणाऱ्या कंट्रोलरचा) लॅडर प्रोग्राम अर्धवट मिळाला असेल तर तो मशीनमध्ये टाकण्याचा विचारही करू नका. मजकुरातली चूक डोळ्यांना दिसते, लॅडरमधली चूक दाराचा इंटरलॉक न चालल्यावर दिसते.

चिप काढायची वेळ कधी येते तेही सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कुणी घाबरवू नये. कार्ड लावल्यावर साइज शून्य दिसते, किंवा २ जीबीऐवजी भलताच आकडा दिसतो, किंवा कार्डाचे नाव जाऊन कंट्रोलर बनवणाऱ्याचे काहीतरी कारखानी नाव दिसते, तेव्हा समजायचे की फाइलींची नव्हे तर कार्डाची स्वतःची यादी बिघडली आहे. फ्लॅश मेमरीत एकच जागा पुन्हा पुन्हा लिहिली की ती झिजते. एका पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या एसएलसी प्रकारात पेशी साधारण १ लाख वेळा लिहून-पुसून टिकते, बाजारातल्या, पेशीत तीन बिट ठेवणाऱ्या टीएलसी कार्डात हा आकडा काही हजारांपुरताच असतो. झीज सगळीकडे सारखी वाटली जावी म्हणून कंट्रोलर तुमचा मजकूर सतत हलवत राहतो आणि कुठे काय ठेवले त्याचा तक्ता जपतो. हा तक्ता लिहिला जात असताना लाइट गेली तर कार्ड स्वतःलाच ओळखत नाही. तुमचे कार्ड थोडक्यात बचावले आहे.

अशा वेळी चिप बोर्डावरून उतरवून थेट वाचतात. जुन्या एसएलसी कार्डात ती बहुधा दोन्ही बाजूंना मिळून ४८ पाय असलेली टीएसओपी चिप असते आणि एक पान २०४८ बाइट मजकूर अधिक ६४ बाइट राखीव जागा असे असते. त्या राखीव जागेत चुका दुरुस्त करायचे कोड आणि ब्लॉकचा खरा क्रमांक असतो, त्यावरून तज्ज्ञ तक्ता नव्याने उभा करतात. एसीई लॅबचे पीसी-३००० फ्लॅश किंवा पोलंडच्या रुसोल्यूटचे व्हिज्युअल नँड रीकन्स्ट्रक्टर ही त्यासाठीची साधने. नव्या कार्डांत कंट्रोलर मजकूर ठरावीक पद्धतीने मिसळून लिहितो, ते मिसळणे उलटवावे लागते. काही कार्डे तर मजकूर एनक्रिप्ट करतात आणि तिथे चिप काढून काहीच उपयोग नाही. मायक्रोएसडीत सुटी चिपच नसते. मागचा रंग खरवडून तांब्याच्या ठिपक्यांना केसाएवढ्या तारा जोडाव्या लागतात. हे मोबाइल दुकानातल्या हॉट एअरचे काम नाही. लॅबला देताना तीनच गोष्टी विचारा: चिप काढायच्या आधी तुम्ही कार्ड जसेच्या तसे वाचायचा प्रयत्न करणार का, काहीच मिळाले नाही तर पैसे किती, आणि माझ्या ग्राहकाच्या ड्रॉइंगची गुप्तता लेखी देणार का.

एक जुना प्रकार मात्र वेगळा आहे. काही मशीनसोबत नाण्याच्या सेलवर चालणारी पीसीएमसीआयए एसरॅम कार्डे येत. ती फ्लॅश नाहीत. सेल संपला आणि कार्ड स्लॉटबाहेर असेल तर मजकूर गेला, कुठलीही लॅब तो आणू शकत नाही. तुमच्या कपाटात असे कार्ड पडले असेल तर ते चालू मशीनच्या स्लॉटमध्ये ठेवून सेल बदला आणि त्याच दिवशी त्यातले सगळे बाहेर काढा.

तुमच्या शेडमध्ये सीमेन्सचे काही असेल तर त्याचे नियम निराळे आहेत आणि तिथे विंडोजने केलेले नुकसान अधिक महाग पडते. एस७-३०० या पीएलसीचे एमएमसी कार्ड दिसते साध्या कार्डासारखे, पण विंडोजने फॉर्मॅट केले की त्याची आतली रचना मोडते आणि पीएलसी ते स्वीकारत नाही. एस७-१२०० आणि १५०० च्या कार्डावर दोन छुप्या फाइली असतात, त्या नको असलेल्या समजून पुसायच्या नाहीत. सिन्युमेरिक ८४०डी एसएल या मशीन कंट्रोलच्या सीएफ कार्डाचा तर परवानाच त्या कार्डाच्या सिरियल नंबरशी बांधलेला असतो. म्हणजे इमेज हुबेहूब नव्या कार्डावर उतरवली तरी परवाना नव्या कार्डाच्या नावावर करून घ्यावा लागतो. त्यामुळे मेलेले जुने कार्डही फेकू नका, त्याच्या लेबलचा फोटो काढून जपून ठेवा.

नवे कार्ड घेताना एसएलसी किंवा स्यूडो-एसएलसीच मागा, उणे ४० ते अधिक ८५ अंशांचे. पैसे जास्त पडतील. उन्हाळ्यात बंद पॅनेल किती तापते हे तुम्हाला माहीतच आहे, आणि फ्लॅशमधला चार्ज उष्णतेने लवकर गळतो, विशेषतः कार्ड झिजलेले असेल तर. दोन कार्डे घ्या, एक मशीनला आणि एक ऑफिसात. गुरुवार असो वा रविवार, सुट्टीच्या आदल्या दिवशी मशीनमधले प्रोग्राम ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि त्यातले दोन-तीन उघडून शेवटचा % आहे ना ते बघा. कार्डावर लिहिणे चालू असताना लाइट गेली, हेच तुमच्या सगळ्या त्रासाचे मूळ आहे. म्हणून कार्डावर काही काढून घ्यायचे काम जनरेटरवर असताना किंवा पाऊस-वादळात करू नये असे ऑपरेटरला सांगून ठेवा.

आज एवढेच करा: एसरॅमचा बॅकअप नव्या कार्डावर, मग जुन्या कार्डाची इमेज. इमेज झाली की तिच्यात किती खण % ने सुरू होतात ते मोजा. तो आकडा तीन-चारशेच्या घरात असेल तर तुमचे छोटे प्रोग्राम बहुतेक सगळे आहेत, आणि मग कागद घेऊन ऑपरेटरसोबत बसा, सध्या चालू असलेल्या जॉबच्या ओ-नंबरपासून सुरुवात करा.